ज्या अंगाला उठायचं आहे

लातूर
१२ जून २०२३

प्रिय धम्मानंद,

सलाम आणि जयभीम. दोन्ही लिहिते, चर्चमधलं एक आणि आपल्या घरचं एक. काल मायनं विचारलं, भावाला पत्र लिहिताना वर काय लिहितीस? दोन्ही लिहिते म्हटल्यावर म्हणाली, "एक पुरलं असतं."

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर लिहायला बसले की माझी बोटं भलतीच अक्षरं दाबतात. म्हणून कागदच बरा.

माय बरी आहे. खुब्याचं हाड जुळत आलंय असं डॉक्टर म्हणतात, पण ती पुन्हा चालेल असं कुणी म्हणत नाही. मीही तिला तसं सांगत नाही. सकाळी तिचं अंग पुसते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते. मग चहात बुडवलेलं बिस्किट, मग भांडं, मग चादर. दुपारी पुन्हा तेच. दवाखान्यात अख्खी नोकरी मी हेच केलं, पण तिथं ड्यूटी संपायची.

आल्या आल्या तिनं भिंतीवरच्या क्रुसाकडं बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्याकडं बघत मी पडून राहणार न्हाई." मग पलंग फिरवला. समोरच्या भिंतीवर तिच्या पिशवीतल्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लावल्या. खिळा ठोकताना माझा अंगठा ठेचला तेव्हा ती हसली, इथं आल्यापासून पहिल्यांदा. आता तिचं तोंड तसबिरींकडं असतं आणि माझा क्रूस तिच्या उशामागं. दोघींचं भागलंय.

तू मनाला लावून घेऊ नकोस. ती न्हाणीत पडली, हाका मारत राहिली, तू पलीकडच्या खोलीत होतास आणि तुला ऐकू आलं नाही. तुझी सगळी नोकरी पंपांच्या घरघरीत गेली, त्यात कान गेले. तुझे दाजी वारल्यापासून मी इथं एकटीच आहे. नर्सच्या घरी मायला आणणं हेच सरळ होतं.

थकते मात्र. बाकी काही नाही.

तुझी अक्का,
सुमन


विष्णुपुरी, नांदेड
२ जुलै २०२३

अक्का,

जयभीम. पत्र मिळालं.

घर लई मोठं वाटून राहिलंय. आधी तुझी भावजय गेली, आता माय तिकडं. मला ऐकू येत न्हाई, म्हणून घर शांत झालं असं तरी कसं म्हणू. पण भिंतीला हात लावला की कळतं, कुणी चालत न्हाई.

तू एखादी बाई लाव कामाला. एकटीनं करू नको. तू बी साठीच्या पुढं आलीस.

दुसरी एक गोष्ट लिहायची हाय, राग मानू नको. भोकरला चुलत्याच्या घरी लग्नाला गेलो होतो. तिथं लोक माझ्या तोंडापुढं येऊन मोठ्यानं विचारून राहिले, सरजाबाई आता किरिस्तावाच्या घरात हाय, तिला बी ओढलं का तिकडं? मी हसून टाळलं. पण घरी येऊन झोप लागली न्हाई.

बाबांनी छप्पनच्या साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव नदीत सोडले. ते आपल्याला सांगायचे, मेल्यावर काय हाय त्याच्या नादी लागू नका, जगताना मान ताठ ठेवा. मायनं तेच धरून आजवर काढलं. तू नर्सिंग शिकायला गेलीस आणि तिकडची झालीस, ते तुझं तू केलंस, मी कधी काही बोललो न्हाई. तू थकलीस की तुला वरच्या घराचा आधार हाय, हे मला ठाऊक हाय. पण मायला ते सांगू नको. पडून असलेल्या माणसाला कुणी मरणानंतरचं सांगितलं की त्याला भीतीच वाटते, दुसरं काय.

तिच्या आवडीचा शेंगदाण्याचा कूट येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतो.

तुझा भाऊ,
धम्मानंद


लातूर
२० ऑगस्ट २०२३

प्रिय धम्मानंद,

सलाम, जयभीम.

कूट मिळाला. माय दहीभातावर घालून खाते आणि मीठ कमी आहे म्हणते.

तू लिहिलंस, मायला ते सांगू नको. मी सांगत नाही. तीच विचारते. परवा अंग पुसत होते तेव्हा म्हणाली, "तू सकाळी डोळे मिटून काय मागतीस?"

"संध्याकाळपर्यंतचं बळ."

"आन् मेल्यावरचं?"

"ते मागावं लागत नाही, माय. ते आधीच दिलेलं आहे, असं आम्ही मानतो."

 मग म्हणाली, "तुह्या बापाला हाय का तिथं जागा?"

माझा हात थांबला. एवढी वर्षं चर्चमध्ये बसले, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी मोठ्यानं विचारला नव्हता. मी म्हटलं, "मला ठाऊक नाही."

"तुमच्या पाळकाला ठाऊक आसंल."

"त्यांना ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. पण दाराची किल्ली त्यांच्याकडं नाही आणि माझ्याकडंही नाही. ज्याच्याकडं आहे तो माझ्याहून मायाळू आहे, एवढं धरून मी बसलेय."

"आन् नसली जागा, तर?"

मी फडकं पुन्हा पाण्यात बुडवलं.

"तर मला न्हाई यायचं तिकडं," ती म्हणाली. "म्या घरात नसले तर त्यो चहा बी घ्यायचा न्हाई. पाणी गार झालं बघ, पूस लवकर."

धम्मा, तुम्हाला वाटतं आम्हाला वरच्या घराची ओढ आहे म्हणून खालचं सगळं सोपं जातं. तुझे दाजी वारले तेव्हा त्या आशेवर मी उभी राहिले हे खरं आहे. पण आता उपासनेत 'सार्वकालिक जीवन' असं कानावर पडलं की मला आधी थकवा येतो. ज्याला शेवट नाही असं काहीच नको वाटतं, सुखसुद्धा. वाटतं, तिथं गेल्यावर आधी मला झोपू द्यावं, गाणी मग.

तरी एक सांगते. माय एकेक घास चघळत बसते. भात तोंडात तसाच धरून खिडकीबाहेर बघते. दवाखान्यात असते तर मी हनुवटीला बोट लावून घाई केली असती. आता करत नाही. वेळ संपत चाललाय असं मला वाटतच नाही. हे माझं शहाणपण नाही. इतक्या वर्षांच्या विश्वासानं अंगात काय मुरलं असेल तर ते एवढंच, की घास गिळायला उशीर झाला तर काही बुडत नाही.

बाई लावली होती. चार दिवस आली आणि मायच्या तोंडाला कंटाळून गेली.

तुझी अक्का,
सुमन


विष्णुपुरी
९ सप्टेंबर २०२३

अक्का,

एक फोटो फिरत फिरत माझ्या मोबाईलवर आला. भोकरच्या लोकांनी पाठवला. माय चाकाच्या खुर्चीत, तुमच्या चर्चमध्ये. पाळकाचा हात तिच्या डोक्यावर. खाली लिहिलंय, आपल्या मंडळीत नवीन बहीण.

तू लिहिलं होतंस, किल्ली तुझ्याकडं न्हाई. मग हे काय हाय? बाप्तिस्मा दिला का? सरळ लिही.

तू तिकडं गेलीस तेव्हा बाबा तुला काही बोलले न्हाईत. पण मरेपर्यंत तुझ्या घरचं पाणी त्यांनी घेतलं न्हाई. त्याचं त्यांना आतून काय वाटायचं ते मी बघितलंय, तू नव्हतीस. आता त्यांच्या माघारी त्यांची बायको असल्या फोटोत. मला गावात तोंड दाखवायला जागा राहिली न्हाई.

दसऱ्याच्या आत येऊन मी मायला घेऊन जाणार हाय. मला ऐकू येत न्हाई, पण ती माझी बी माय हाय.

धम्मानंद


लातूर
१५ सप्टेंबर २०२३

प्रिय धम्मानंद,

जयभीम. सलाम.

बाप्तिस्मा दिला नाही. तिनं मागितला नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. झालं ते असं. रविवारी मी साडी नेसत होते तेव्हा ती म्हणाली, "मला बी ने. छत बघून बघून डोळे दुखून राहिले." मी म्हटलं, माय, तिथं प्रार्थना असते. म्हणाली, "पंखा तर आसंल ना? माणसं आसतील ना?" शेजारच्या पार्वतम्मानं आणि मी तिला खुर्चीत बसवून नेलं. उपासना संपल्यावर पाळकसाहेब सगळ्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, तसा तिच्याही डोक्यावर ठेवला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "गाणी बरी हाईत. भाषण लई लांबलं. आन् त्यानं हात काढलाच न्हाई लवकर, मान आखडली." फोटो आणि खालचं वाक्य मंडळीतल्या एका पोराचा उत्साह. पाळकसाहेबांनी त्याला काढायला लावलं आणि घरी येऊन मायची माफी मागितली. तिनं त्यांच्यासाठी मला चहा करायला लावला.

भांडायची ताकद माझ्यात उरली नाही, धम्मा. ये आणि घेऊन जा. फक्त हे ध्यानात ठेव.

कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखम होईल. डाव्या टाचेखाली मऊ कापड ठेव, तिथं कातडी लाल झालीय. घास अगदी लहान दे आणि ती बसलेली असतानाच दे. औषध गुळात दे, नुसतं थुंकते. तिची हाक तुला ऐकू येणार नाही, म्हणून तिच्या मनगटाला आणि तुझ्या मनगटाला एक सैल दोरी बांध, ती ओढेल. आणि अंग पुसताना बगलेत, स्तनाखाली, बोटांच्या फटीत कोरडं कर. तुला लाज वाटेल, तिला वाटणार नाही.

हे सगळं मी कशासाठी करते ते तुला सांगायचं राहिलंय. तिला आमच्याकडं ओढायला नाही. आम्ही मानतो की माणूस मेल्यावर नुसता जीव उडून जात नाही, हेच अंग एके दिवशी उठणार आहे. हेच, सुरकुतलेलं, मोडक्या खुब्याचं. तिचं अंग उठेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण ज्या अंगाला उठायचं असेल, त्याला मी आज घाण कशी ठेवू? सकाळी उठवत नाही तेव्हा हाच विचार मला पलंगावरून खाली आणतो. दुसरं काही नाही.

येताना कळव. भाकरी करून ठेवीन. तूही बाबांसारखं इथलं पाणी घेणार नसशील तर बाटली आण.

सुमन


विष्णुपुरी
१२ ऑक्टोबर २०२३

अक्का,

जयभीम.

परत येऊन आठ दिवस झाले. तिथं असताना तुझ्याशी नीट बोललो न्हाई. मला लोकांच्या ओठांकडं बघून बोलावं लागतं, आणि तुझ्या तोंडाकडं बघायचं धाडस होईना. म्हणून लिहितो.

मी आलो तेव्हा दार उघडं होतं. तू खुर्चीत झोपली होतीस. हातात ओलं फडकं तसंच, तोंड उघडं. माय जागी होती. मला बघून तिनं ओठावर बोट ठेवलं. ज्याला ऐकू येत न्हाई त्याला ती आवाज करू नको म्हणून सांगून राहिली होती. मी तिच्याजवळ बसलो. तुझ्या फडक्यातलं पाणी फरशीवर गळत होतं आणि आम्ही दोघं ते बघत बसलो.

तू उठून भाकरी टाकायला आत गेलीस तेव्हा मी तिला म्हटलं, चल माय, न्यायला आलो. ती सावकाश बोलली, मला ओठ कळावेत म्हणून. "तुह्याकडं आले तर तू माझ्या मरणाची वाट बघशील. तुला भ्या वाटतंय, म्हणून. ही वाट बघत न्हाई. ही लई थकली हाय, पण हिला घाई न्हाई."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाली, "लोक माझी कूस बदलायला येत न्हाईत."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं. तुझी भावजय दवाखान्यात होती तेव्हा मी रोज घड्याळाकडंच बघत होतो. आता किती वेळ, आता किती वेळ. तिच्याकडं बघायचं राहूनच गेलं.

माय तिथंच राहू दे. तू दाखवलंस तसं मी दोनदा तिचं अंग पुसलं, ते बरोबर झालं का ते तू सांगितलं न्हाईस. महिन्यातून एकदा मी येत जाईन. तेवढे दोन दिवस तू झोप.

आणि पाणी मी तुझ्या माठातलंच पिलो, तू बघितलंस का न्हाई ठाऊक न्हाई.

धम्मानंद


लातूर
१४ जानेवारी २०२४

प्रिय धम्मानंद,

सलाम आणि जयभीम.

मागच्या खेपेला तू गेलास आणि दोन दिवसांनी तिचा खोकला वाढला. डॉक्टर घरी येऊन गेले. छातीत कफ साठलाय, दवाखान्यात नळ्या घालता येतील म्हणाले. मायनं मान हलवली. मी इतक्या जणांना नळ्या घातल्यात, की तिला हो म्हण असं माझ्यानं म्हणवलं नाही. तुझंही तेच मत असेल असं धरलंय. नसेल तर लगेच निघ; पोस्टाला उशीर होईल, म्हणून या पानाचा फोटो पार्वतम्माच्या मोबाईलवरून पाठवतेय.

तिनं सांगून ठेवलंय ते तुला कळवते. तिला गावी न्यायचं, बाबांना जिथं दिलं तिथंच अग्नी द्यायचा. बौद्ध पद्धतीनं सगळं. पांढरी साडी पिशवीत आहे. मी हो म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. माझी जागा इथं ठरलीय, लातूरच्या कब्रस्तानात, तुझ्या दाजींच्या शेजारी. तिची राख कुठं, मी कुठं. मी कधी तिच्याजवळ नव्हतेच म्हण, हे आठ महिने सोडले तर.

तिनं मला बोलावून विचारलं, "कामून रडतीस? किरिस्ताव रडत न्हाईत म्हणत होतीस ना?" मी असं कधी म्हटलं नव्हतं. तिला तसं सांगितलं. म्हणाली, "मग बरं हाय."

तू ये.

अक्का


विष्णुपुरी
१८ फेब्रुवारी २०२४

अक्का,

जयभीम.

माय गेल्यावरचा जलदानाचा कार्यक्रम झाला. तू त्याआधी लातूरला गेलीस, कामून गेलीस ते मी विचारलं न्हाई. गावातल्या घराला कुलूप लावून काल मी नांदेडला आलो.

एक गोष्ट मनात राहिली. मायला अंघोळ घालायची तेव्हा तू साडीचा पदर खोचून पुढं झालीस आणि बायका थांबल्या. त्यांची तोंडं हलत होती. चुलतीनं तुझ्या हातातून तांब्या काढून घेतला. तू ओले हात घेऊन बाजूला उभी राहिलीस. काय बोलल्या ते मला ऐकू आलं न्हाई, पण समजलं. मी बादली उचलली आणि तुझ्यापुढं आणून ठेवली. मग पुन्हा त्यांची तोंडं हलली, आता माझ्याकडं बघून. बहिऱ्याला काय कळणार, असं त्या म्हणत असतील. मी उभाच राहिलो. तू खाली बसलीस आणि मायच्या बोटांच्या फटी धुतल्या, एकेक. मग चुलती बी बसली.

बौद्धाचार्य त्रिशरण म्हणत होते तेव्हा तू मागं उभी होतीस आणि तुझे ओठ हलत होते. मला ओठ वाचता येतात, पण रडत असलेल्या माणसाचे न्हाई. काय म्हणत होतीस?

आता तुझ्याकडं कुणी न्हाई आणि माझ्याकडं बी कुणी न्हाई. इकडं ये थोडे दिवस. धरणाचं पाणी घरापासून लांब न्हाई. संध्याकाळी लोक तिथं बसायला जातात. आपण बी बसू.

तुझा भाऊ,
धम्मानंद


लातूर
३ मार्च २०२४

प्रिय धम्मानंद,

जयभीम. सलाम.

त्रिशरण म्हणत होते. लहानपणापासून पाठ आहे, विसरले नव्हते. तो तिचा निरोप होता, तिच्याच शब्दांत द्यायला हवा होता. माझी प्रार्थना माझी मी आधीच केली होती, बोटं धुताना.

ती वारली त्या सकाळचं तुला नीट सांगितलं नाही. अंग पुसून झालं होतं. श्वास लहान झाला होता, पण बोलत होती. म्हणाली, "तू तिकडं गेलीस आन् म्या दिसले न्हाई, तर?"

"शोधीन."

"आन् तुहा बाप?"

"त्यांनाही शोधीन."

"लई येळ लागंल."

मी म्हटलं, "तिथं वेळच वेळ आहे, माय. त्याला शेवटच नाही."

तिनं माझा हात ओढला. मग म्हणाली, "मग बस जरा. सारखी उभी का ऱ्हातीस?" मी बसले. तिचा हात हातात होता. ती कधी गेली ते नर्स असून मला लगेच कळलं नाही.

ज्या 'सार्वकालिक' शब्दाचा मला थकवा यायचा, तो मी तिला दिला आणि तेव्हाच मला पहिल्यांदा समजला. सगळं इथंच, माझ्याच हातून पुरं व्हायला पाहिजे असं नाही. बाबांशी बोलायचं राहिलं. तिच्याजवळ राहायचं, ते आठ महिनेच झालं. ते राहू दे. राहिलेल्याला जागा आहे असं मी मानते. तू मानत नाहीस, तरी चालेल.

जलदानाआधी निघाले कारण उभं राहवत नव्हतं. दुसरं कारण नाही. चुलतीचा मला राग नाही.

काल पाळकसाहेब आले होते. मंडळीतल्या एक कस्तुराबाई अंथरुणाला खिळल्यात, सुनांना जमत नाही, तुम्ही रोज सकाळी जाल का म्हणाले. मी नाही म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांना नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. त्यांनी मला सेवेविषयी काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, "साहेब, मी थकलेय, आणि ज्याची सेवा आहे त्याला ते दिसतंय. सुनांना कूस बदलायला शिकवून येईन. त्यापुढं तो बघेल."  मग त्यांनीच माठातलं पाणी घेतलं आणि मलाही दिलं.

१२ तारखेच्या मंगळवारी सकाळच्या एसटीनं निघते, दुपारपर्यंत पोचेन. स्टँडवर येऊ नकोस, उन्हाचं. रिक्षानं येईन. धरणावर जाऊ, पण लगेच नको. स्वयंपाकाचंही काही करू नकोस. आतल्या खोलीत एक सतरंजी टाकून ठेव. आल्यावर मी आधी झोपेन. मला उठवू नकोस. उठायची वेळ झाली की मी उठेन.

तुझी अक्का,
सुमन